पाय वगळून विहीणबाईंवर गाणं

ढोकी, जिल्हा धाराशिव

तीर्थरूप सत्यभामामावशी यांस,

ढोकीहून तुमच्या राजेश्वरीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं खरोखरच ठेवलं असतं, पण तुम्ही तुळजापुरात आणि माझी कंबर ढोकीत अडकलेली. लग्नघरातली कामं संपली की कंबर बोलायला लागते, आणि ती एकदा बोलायला लागली की माझ्यासारखीच, थांबत नाही.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. काळा चष्मा लावून तुम्ही ओसरीवर बसता तेव्हा गल्लीतली पोरं दबकून जातात, असं तुमचा नातू प्रेम सांगत होता. पोरं चष्म्याच्या आधीही दबकूनच जायची, पण ते जाऊ द्या. थेंब वेळच्या वेळी घाला, फोडणीच्या धुरात उभ्या राहू नका. तुमच्यासाठी अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. फोन का केला नाही म्हणाल, तर प्रेम फोन हातात आला की स्पीकरवर टाकतो आणि मग तुमच्या घरातले सगळे मला सल्ले देतात. हे पत्र तुम्ही एकटीनंच वाचायचं आहे.

वैदेहीचं लग्न पार पडलं. तुम्ही नव्हतात ही एकच उणीव, बाकी सगळं यथासांग झालं, आणि तुमच्या भाचीनं रुखवताच्या गाण्यात मांडव जिंकला. हे वाक्य आधीच लिहून टाकते, कारण पुढची हकिकत वाचताना तुम्ही दोनतीनदा तरी पत्र फेकून द्याल. फेकलं तरी उचलून पुढं वाचा, शेवट गोड आहे.

तुम्हाला वेगळं सांगायला नको की रुखवताची गाणी म्हणजे ढोकीत राजेश्वरी, आणि राजेश्वरी म्हणजे तुमची शिकवण. विहीण रुखवत बघायला आली की तिला गाण्यातून असं सोलायचं की तिनं हसता हसता पदर तोंडाला लावला पाहिजे, हे तुम्ही मला परकर-पोलक्यात शिकवलंत. आता तुमच्या त्या सगळ्या गाण्यांमधली विहीण आठवून बघा. ती कधी आंधळी असते आणि लाडू समजून लिंबू खाते. कधी बहिरी असते, कधी चकणी, कधी मुकी, आणि सगळ्यात जास्त वेळा लंगडी असते. एकही धड विहीण आपल्या गाण्यात नाही. मला हे कधी खटकलं नव्हतं, कारण खऱ्या विहिणी तर धडधाकटच असायच्या आणि पोट धरून हसायच्या. मी आपली लग्नाच्या आधी ताकाला बसले की रवीच्या तालावर सगळी गाणी घोटून काढत होते. तेवढ्यात वैदेही समोर येऊन बसली आणि म्हणाली, "आई, ही गाणी न्हाय म्हणायची."

कारण असं की तिच्या होणाऱ्या सासूबाई, उमरग्याच्या वनमालाबाई, लहानपणच्या पोलिओनं एका पायानं अधू आहेत. कॅलिपर लावून, काठी घेऊन चालतात. सोयरीक जमवताना हे मला माहीत होतंच की, पण ते माझ्या डोक्याच्या एका कप्प्यात होतं आणि गाणी दुसऱ्या कप्प्यात. (आमचे हे म्हणतात की माझ्या डोक्यातल्या कप्प्यांना दारंच नाहीत. ह्यांना विनोद सुचला की तो असा माझ्यावरच सुचतो.) बाई हायवेला लागून असलेलं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान एकहाती चालवतात, हैदराबादकडचे ड्रायव्हर त्यांच्यासमोर विडी विझवून उभे राहतात. अशा बाईसमोर 'लंगडी विहीण' गायचं म्हणजे आमच्या पोरीचा संसार सुरू व्हायच्या आधीच त्यात मीठ पडायचं, एवढं मलाही कळलं. पण माघार घेणं आपल्या रक्तात नाही. मी म्हटलं, रीत आहे, थट्टा आहे, कुणी मनावर घेत नाही. त्यावर पोरगी म्हणाली, "ज्यानं मनावर घेतलं तो तुला सांगायला येणार हाय का?" आणि उठून गेली. मावशी, तिला औषधशास्त्र शिकवलं ही आमचीच चूक. गोळी छोटी देते, पण काम करते.

मग तिनं सगळ्या घरालाच नियम घातला. लग्न होईपर्यंत लंगडा, थोटा, बहिरा, चकणा, मंद, येडपट असा एकही शब्द कुणावर फेकायचा नाही, चेष्टेतसुद्धा नाही. आमचे हे लगेच तिच्या बाजूचे झाले. हे आयुष्यात कधी माझ्या बाजूचे झाले नाहीत, त्यामुळे त्याचं दुःख नाही, पण आमच्या बाबूरावभावजींचे हाल बघवेनात. माझ्या ह्या दिराला तुम्ही ओळखताच. त्यांचं प्रत्येक वाक्य 'आंधळा हायस का रं' नं सुरू होतं आणि 'बहिरा झालास काय' नं संपतं, मधे फक्त काम असतं. दोन्ही टोकं काढून घेतल्यावर माणूस नुसता हात हलवत मांडवभर फिरू लागला. शेवटी आचाऱ्याला हाक मारायची म्हणून त्यांनी "अरे... अरे... सज्जना" असं म्हटलं आणि आचारी घाबरून माझ्याकडं विचारायला आला की मालक बरे आहेत ना.

मांडववाल्याची तर वेगळीच गंमत. त्याच्या उजव्या हाताची बोटं उसाच्या चरकात गेलेली. तेव्हापासून सगळ्या पंचक्रोशीत तो 'थोटा मंडपवाला'. दुकानाची खूणही तीच, ह्यांच्या मोबाइलमध्येही तेच. आता नियम म्हटल्यावर ह्यांनी चार ठिकाणी चौकशी करून त्याचं खरं नाव शोधून काढलं आणि मोठ्या अदबीनं फोन लावला, "नमस्कार, कल्याणप्पा बोलताहेत का?" तो म्हणाला, "राँग नंबर," आणि ठेवून दिला. ह्यांनी परत लावला, त्यानं परत ठेवला. शेवटी मांडवाचा खांब न रोवता लग्न करायची वेळ येते की काय म्हणून हे मोटरसायकलवर त्याच्या घरी गेले. तो ओशाळून म्हणाला, "शाळा सुटल्यापासून त्या नावानं कुणी हाक मारलीच न्हाय, मालक. मला वाटलं बँकवाले हायत." आम्ही सगळे खूप हसलो. वैदेही हसली नाही. मीही मग हसायची थांबले, आणि त्या दिवसापासून मला गाण्यांचा कंटाळा यायला लागला. तुमच्या शिकवणीचा नाही, गैरसमज नको, पण गूळ समजून तोंडात टाकावं आणि खडा लागावा, तसं काहीतरी झालं.

तेव्हा मी ठरवलं की पायाची थट्टा नको आणि गाणंही नको. एकदा ठरवल्यावर मी कामाला लागते हे तुम्हाला ठाऊक आहे. विहीणबाईंना कशाचाही त्रास होऊ द्यायचा नाही असं मी सगळ्या बायकांना बजावलं. मांडवाच्या दारापासून विहिणीसाठी धोतरांच्या पायघड्या घालायची रीत, तर त्या रद्द. (धोतरावरून काठी घसरली म्हणजे?) रुखवत बघायला विहिणीनं चालत यायचं असतं, तर रुखवताचं टेबलच पुढं आणलं आणि समोर एक गादीवाली खुर्ची ठेवली, शेजारी कूलर. विहिणीच्या पंगतीत आग्रहाचा गोंधळ असतो, म्हणून त्यांचं ताट खुर्चीवरच न्यायचं. आणि त्या दिसल्या की कुणीही पायाकडं बघायचं नाही. हा नियम मी सगळ्यात कडक केला. त्यानं असं झालं की विहीणबाई गाडीतून उतरल्या तेव्हा ढोकीच्या झाडून सगळ्या बायका आभाळाकडं बघत होत्या.

विहीणबाईंनी एकदा आभाळाकडं बघितलं, काही दिसेना. मग दाराकडं बघितलं, पायघड्या नव्हत्या. आमच्या एका पोरीनं अदबीनं खुर्ची दाखवली. मांडवात गाणं नाही, टवाळी नाही, नुसता कूलरचा आवाज. बाई गर्रकन वळल्या आणि परत जाऊन गाडीत बसल्या, दार लावून घेतलं.

मावशी, मुहूर्त तोंडावर आलेला. भटजी घड्याळ बघायला लागले. नवरदेव स्वानंद आईला समजावायला गेला आणि तोंड पाडून परत आला. वैदेही हिरव्या शालूत खोलीच्या खिडकीशी उभी, तिच्या डोळ्यांत पाणी. मला तेव्हा मानपान सुचत नव्हता, एवढंच कळत होतं की माझी पोर ज्या घरी जाणार त्या घरची बाई माझ्यामुळं रुसून बसली आहे, आणि मी तर काही बोललेसुद्धा नाही. मी गेले, काचेवर टकटक केली, आणि म्हटलं, "विहीणबाई, आमचं काय चुकलं?"

त्यांनी काच खाली घेतली. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द नटबोल्टासारखा आवळून बोलल्या. "माझ्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, धाकटीचं झालं. दोन्ही मांडवात मला बघितलं की बायांची गाणी बंद. बाजूच्या बायांवर गाणी म्हणल्या, माझ्या जावेवर म्हणल्या, मला मात्र खुर्ची. आता लेकाच्या लग्नात तरी विहीण व्हईन म्हणून पोटभर आशेनं आले. तुमी एक तर लंगडी म्हणणार, न्हायतर काहीच म्हणणार न्हाय. ह्या दोन्हीच्या मधी तुमच्याकडं काही हाय का न्हाय?"

मी म्हटलं, पायघड्यांवरून तुम्ही घसरला असता. त्या म्हणाल्या, "पडले तर पडू द्या की. उठायचं कसं ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत हाय."

  लगोलग मी मागं वळून ओरडले, "कल्याणप्पा, पायघड्या!" आणि ह्या खेपेला तो राँग नंबर म्हणाला नाही. एका हाकेला ओ देऊन धावत आला. धोतरं घालायची तर घसरतील, म्हणून त्यानं आपलं जाजम दारापासून रुखवतापर्यंत ताणून चारी बाजूंनी खिळे मारून पक्कं केलं, त्यावर मी माझ्या पेटीतल्या साड्या टाचण्या लावून अंथरल्या. ठेवणीतली जांभळी इरकलसुद्धा. (ह्यांनी "ती इरकल का?" असं हळूच विचारलं. मी बघितलं, आणि ते स्वतःच तिच्या घड्या उलगडायला लागले.) विहीणबाई उतरल्या, काठी टेकली, आणि पहिल्या साडीवर पाय ठेवून तिथंच थांबल्या. गाण्याची वाट बघत.

आता सांगा, काय गायचं? चाळीसेक गाणी पाठ, आणि एकाही गाण्यातली विहीण मला वापरता येईना. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. बाबूरावभावजी तर असे बघत होते की आता ही पण हात हलवत फिरणार. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, ह्या बाईचा पाय बाजूला ठेव आणि नीट बघ, उरतं काय? आणि मावशी, एवढं काही उरलं म्हणता की मला आवरेना. हायवे उरला, दुकान उरलं, ड्रायव्हर उरले, आणि मुहूर्त अडवून गाडीत बसायची ती हिंमत उरली. मी पदर खोचला आणि सुरू केलं:

*उमरग्याच्या विहीणबाई, हायवेचा वारा,*
*मुहूर्ताच्या टायमाला म्हणती, ब्रेक लावा जरा.*

 मग विहीणबाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. आपल्या तेरखेड्याचे फटाके आठवले आणि मी दुसरं टाकलं:

*विहीणबाईंचा राग जसा तेरखेड्याचा बाण,*
*वाजला इथं ढोकीत, हादरलं उमरग्याचं दुकान.*

आता मांडव हसायला लागला. विहीणबाई पुढं चालल्या, काठीच्या टेक्यावर आमच्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. (मला वाटलं आता पुन्हा बिनसतं की काय, पण बाई ठेका चुकू नये म्हणून काठी मुद्दाम तालात टेकायला लागल्या.) रुखवताशी पोचेपर्यंत मी तिसरं म्हटलं:

*सून नेती उमरग्याला, हौस भारी मना,*
*एका हाती लाटणं देती, दुसऱ्या हाती पाना.*

खिडकीत वैदेही रडायचं सोडून हसत होती, तिचं काजळ गालावर आलं होतं. आणि मग विहीणबाईंनी काठी माझ्यावर रोखली, खुर्ची बाजूला सारली, आणि उभ्यानं उत्तर दिलं. तोवर मला माहीतच नव्हतं की ह्या बाईला गाता येतं. ड्रायव्हरांवर ओरडून ओरडून आवाज असा तयार झालाय की माईक लागत नाही:

*कारखान्याच्या गावची विहीण, चहा दिला फिका,*
*उमरग्याला या हो बाई, पाहुणचार शिका.*

(साखर कारखान्याच्या गावात चहा खरंच फिका होता. आचारी 'सज्जना' ऐकल्यापासून ठिकाणावर नव्हता.) त्यानंतर जे काही झालं ते ढोकीच्या चार पिढ्या सांगतील. त्यांनी आमच्या रुखवतातल्या लोकरीच्या कुत्र्यापासून माझ्या नाकातल्या नथीपर्यंत काही सोडलं नाही. मी त्यांच्या दुकानापासून महिरपी पदरापर्यंत काही सोडलं नाही. त्यांच्याकडच्या बायका मधूनच कानडी टाकायच्या, त्याचं काहीच कळलं नाही, पण आम्ही रागावल्यासारखं करून हसलो. भटजींनी शेवटी अंतरपाट धरून "बायांनो, आता माझीही मंगलाष्टकं ऐका" म्हणून हात जोडले. मुहूर्त टळला नाही, पण टळायच्या उंबऱ्यावर होता.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे रीत मोडली. नाही मावशी, रीत वाचली. 'लंगडी' म्हणणं काय, कुणालाही जमतं. तोंड उघडलं की आपोआप बाहेर पडतं, त्याला ना माणूस बघावा लागतो ना डोकं चालवावं लागतं. उमरग्याच्या विहिणीवर म्हटलेलं गाणं मुरुडच्या विहिणीवर चालत नाही, तेव्हा ते गाणं. बाकीचं सगळं शिळं, कितीही गरम केलं तरी. आणि गप्प बसणं हे तर त्याहून शिळं, ह्या एका गोष्टीत मी आमच्या वैदेहीपेक्षाही पुढं गेले, आणि तिनं ते कबूल केलं आहे. लग्नापासून गावातल्या तीन घरांनी मला आपापल्या मांडवासाठी नवी गाणी रचायला सांगितली आहेत. कल्याणप्पानं दुकानावर नावाची नवी पाटी लावली आहे आणि पहिले काही दिवस तो स्वतःच तिच्याखाली उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता. बाबूरावभावजींनी मात्र नियम संपल्याचा आनंद म्हणून पहिल्याच दिवशी एका पोरावर 'आंधळा हायस का' चा तोफगोळा टाकला. मग इकडंतिकडं बघितलं, आणि म्हणाले, "न्हाय, तुझं लक्ष कुठं हाय, असं म्हणायचं होतं." एवढंही पुष्कळ झालं.

तर अशी ही विजयाची हकिकत. काकांना नमस्कार, प्रेमला आशीर्वाद, आणि त्याला सांगा की हे पत्र त्यानं वाचून दाखवायचं नाही. तब्येतीला जपा, चष्मा पुसत जा, आणि माझ्यावर रागावला असाल तर सविस्तर रागवा, म्हणजे उत्तर तरी मोठं येईल.

तुमची लाडकी (आणि आता नामांकित) भाची,
राजेश्वरी

ता. क. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावई जेवायला यायचे आहेत, आणि विहीणबाईंनी "पाहुणचार शिकलात का ते बघायला मी बी येते" असं कळवलं आहे. तेव्हा तुम्ही ह्या खेपेला यायलाच हवं.

ता. क. दुसरा. खरं काय ते लिहिते, नाहीतर तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळेल. मांडव मी जिंकला हे खरं, पण पाठवणी राहिली होती. वैदेहीच्या गळ्यात पडून मी एवढी रडले की दोघी-तिघींनी धरलं, मग नाक पुसलं, आणि जवळ उभ्या असलेल्या जावेला हळूच विचारलं की गाताना माझा आवाज कसा लागला होता. हळूच विचारलं होतं, मावशी. पण गाडी सुरू झाली, काच खाली आली, आणि विहीणबाईंनी सगळ्या गावासमोर म्हटलं:

*लेक दिली म्हणून रडती विहीण ढसाढसा,*
*डोळे पुसून विचारती, माझा आवाज होता कसा?*

आणि गाडी गेली.  तेव्हापासून गिरणीवर, पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या पोरांच्या तोंडी हेच आहे. ह्यांनी तर आंघोळीला बसून गुणगुणायला सुरुवात केली आहे. तेव्हा विनंती अशी की धोंड्याच्या आत ह्याला तोडीस तोड उत्तर रचून पाठवा. एकच अट, त्यात पाय यायचा नाही, काठी यायची नाही. पाय घातला की यमक चुटकीसरशी जुळतं, मी घालून बघितलं आणि खोडून टाकलं. इतक्या चांगल्या गाण्याला इतकं आयतं उत्तर दिलं तर माझीच शोभा व्हायची.

ता. क. तिसरा. पत्र पाकिटात घालता घालता काल मलाच एक उत्तर जुळलं, ते मी वैदेहीला फोनवर म्हणून दाखवलं.  ती म्हणाली, "आई, आवाज लई छान लागला बघ," आणि मागं विहीणबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की वैदेहीलाही हसू आवरेना. सासू-सून दोघी फोन धरून कितीतरी वेळ हसत होत्या, मी नुसती ऐकत होते, आणि खरं सांगते, मला फोन ठेववेना. पोर सुखात आहे, मावशी. उत्तर मात्र तुम्हीच रचा, आणि लवकर पाठवा.